साहेबांची सासुरवाडी आणि आमची फायनल

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं न्हाय तर माझं डोकं फुटणार हाय. सकाळी कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर आमच्या पी.डी. सरांचा, म्हणजे खेळाच्या सरांचा, मेसेज आला. संस्था त्यांना ‘आदर्श मार्गदर्शक’ करणार हाय म्हणे. कशाबद्दल? आम्ही मुलींनी बास्केटबॉलची फायनल मारली त्या वर्षाबद्दल! आणि खाली मला टॅग करून, ‘वैजयंता, तू छान लिहितेस, माझ्या मार्गदर्शनाबद्दल स्मरणिकेसाठी दोनशे शब्द पाठव, आपुलकीने.’ आपुलकीने! मी चहा तसाच ठेवला आणि टाइप करायला बसलो. सर, दोनशेत मावत न्हाय हो हे. आणि आमचे आप्पा गेल्याच महिन्यात रिटायर झाल्यात, तवा आता भ्यायचं कुणाला? (व्हय, मी मुलगी असून ‘बसलो’ लिहितो. निपाणीकडच्या आम्ही पोरी असंच बोलतो. ऑफिसात बाहेरच्या पोरी हसतात. हसूदेत.)

आप्पा त्याच कॉलेजच्या बसचे ड्रायव्हर. आमचं गाव निपाणीपासनं जवळ, शेत हाय, पण शेतावर घर चालायचे दिवस गेले तसं आप्पांनी संस्थेची पिवळी बस धरली आणि वीस-बावीस वर्षं तीच चालवली. आमच्या घरात पहाट व्हायची ती दोन आवाजांनी. एक आईच्या भाकरीची थापथप, आणि दुसरा आत्याच्या तोंडाचा. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण, नवरा वारल्यापासनं आमच्याकडंच. आई माझ्यासाठी दोन अंडी उकडायची, ती पातेल्यात टकटक वाजायला लागली की आत्या चुलीपुढनं सुरू. ‘घाल, आणि घाल अंडी. आधीच ताड झालीया. हिला नवरा बघायचा म्हणजे शिडी लावून बघायचा व्हय गं?’ आई म्हणायची, ‘आक्का, तिचं तिला खाऊ द्या.’ आप्पा काय बोलायचे न्हाईत. भाकरीवर शेंगाची चटणी, वर दही, चार घासांत संपवायचे आणि किल्ली उचलायचे. मी मागनं बॉल काखेत मारून पळायचो. सकाळी सहाची ती रिकामी बस आणि त्यात आम्ही दोघंच. आजपण डिझेलचा वास आला की मला भूक लागते, काय करू.

आता आमच्या कोर्टाचं वर्णन ऐका. सिमेंटचं, दोन खांब, दोन रिंगा, जाळी कुठल्याच रिंगेला न्हाय. आणि सुगी आली की त्यावर सोयाबीन! संस्थेतल्याच एका मोठ्या माणसाच्या शेतातलं, एवढी सपाट सिमेंटची जागा दुसरीकडं कुठं मिळायची? आम्ही सकाळी खराट्यानं सोयाबीन एका अंगाला लोटायचो, अर्ध्या कोर्टावर खेळायचो, आणि जाताना परत पसरून ठेवायचो. राहिलेल्या दाण्यांवरनं पाय सटकायचे. आमचा तोल इतका चांगला का, असं नंतर एका पंचानं विचारलेलं. काय सांगू त्याला? सर कडंला खुर्ची टाकून पेपर वाचायचे. त्यांचं मार्गदर्शन म्हणजे दोन वाक्यं. आल्या आल्या ‘पळा गं’ आणि पेपर संपला की ‘बास गं’. ही घ्या तुमची स्मरणिका.

शिकवलं ते सुप्रियानं. सुप्रिया आमची कॅप्टन. तिचे आजोबा निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाली केलेले, वडील बँकेत मॅनेजर. हे ती स्वतःच सांगायची, मान ताठ करून, समोरच्यानं विचारायच्या आधी. मोबाईलवर मॅचा बघून ती वहीत बाण काढायची आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला त्या बाणांसारखं पळवायची. चुकलं की सरळ म्हणायची, ‘वैजे, डोकं घरी ठेवून आलीस काय?’ आणि रिंगेखाली सदलग्याची भारती. घरी कन्नड, आमच्याशी मराठी, पण बॉल हातात आला की तिला मराठी आठवायचीच न्हाय. ‘बिडबेडा! बिडबेडा!’ करून ओरडायची. सोडू नका, सोडू नका. पुढं पुढं तर आम्ही सातजणी तेच ओरडायला लागलो.

आणि जिंकायला लागलो की हो! पहिली मॅच मारली. सर म्हणाले, समोरची टीम कच्ची होती. दुसरी मारली. ती पण कच्ची. सेमीफायनलला ज्यांना हरवलं ती पोरं... पोरीच त्या, पण बूट असे चकचकीत की आम्ही पायाकडंच बघत होतो. ती पण कच्चीच निघाली, सरांच्या मते. आमच्या कॉलेजात ह्याचं सोयर ना सुतक. मुलांची क्रिकेटची टीम पहिल्या फेरीत आपटली, तरी त्यांचा फ्लेक्स गेटवर महिनाभर. आमच्याकडं बघितलं कुणी? बघितलं. आमच्या उंचीकडं. कारण आमच्या कॉलेजात एक रीतच होती. कुठलाबी कार्यक्रम असूदे, पाहुणा आला की दारात उंच पोरी पायजेत. एकसारख्या साड्या, हातात ताट, ताटात गुलाबाचं फूल. उंच पोरी म्हणजे कोण? आम्हीच. सोयाबीनच्या धुरळ्यात आम्ही बास्केटबॉल टीम, आणि बाकी सगळ्या वर्षाला स्वागत पथक.

फायनल बेळगावला, रविवारी. आणि त्याच रविवारी दुपारी तीनला कॉलेजात साहेबांचा सत्कार. साहेब म्हणजे संस्थेचे चेअरमन. कशाचा सत्कार होता ते मला आजतागायत कळलेलं न्हाय, त्यांचं त्यांना तरी कळलेलं काय कुणास ठाऊक. शुक्रवारी प्रिन्सिपॉलनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. पी.डी. सर बाजूला हात बांधून.

‘रविवारी सगळ्यांनी नऊला साडी नेसून हजर. रंगीत तालीम हाय.’

सुप्रिया म्हणाली, ‘सर, दहाला आमची फायनल आहे.’

‘मग कळवा त्यांना, येत न्हाय म्हणून.’

‘कळवलं तर हरलो असं धरतात, सर.’

तर प्रिन्सिपॉल हसले. खरंच हसले, समजूतदार बाप हसतो तसे. ‘अगं मग रनर-अपचा कप मिळतोयच की! तो पण कपच. साहेबांच्या टेबलावर ठेवला की लांबनं काय फरक दिसतोय?’

मी पी.डी. सरांकडं बघितलं. वाटलं, आता तरी ‘पळा गं’ म्हणतील. सर म्हणाले, ‘सरांचं बरोबर आहे. कप कपच असतोय.’

हे वाक्य मी विसरावं म्हणून गेली सहा वर्षं प्रयत्न केला. आज तुम्हीच आठवण करून दिलासा, सर.

संध्याकाळी घरी मी ताटावर बसून रडलो. शेवटचं वर्ष, पुढं खेळायचं कुठं? जिंकली असती तर एकदा, आयुष्यात एकदा, आमच्या नावापुढं ‘विजेता’ लागणार होतं. आत्या म्हणाली, ‘साडीत तरी बायमाणूस दिसशील, जा की तालमीला.’ आप्पा जेवत होते. म्हणाले, ‘रविवारी मला साडेसातला गाडी काढायची हाय. साहेबांच्या सासुरवाडीची माणसं आणायची हाईत, बेळगावजवळच्या काकतीसनं. दुपारी बारा वाजता.’

आई म्हणाली, ‘बाराला आणायची तर साडेसातला कशाला? दीड तासाचं काम.’

‘बेळगावात टायरची हवा बघायची हाय.’

‘हवा निपाणीत मिळत न्हाय व्हय?’

आप्पा पाणी प्याले. ‘मिळती. पण रिकामी गाडी न्यायला मला आवडत न्हाय.’

आईच्या ध्यानात आलं. मग हळूच, ‘आणि नोकरी गेली म्हणजे?’ आप्पा हात धुवायला उठले. आईनं मात्र रविवारी सकाळी अंडी दोन न्हाय, चौदा उकडली. आत्या बघत होती. काय बोलली न्हाय, हेच लई झालं.

तर रविवारी साडेसातला सातजणी हायवेच्या कडंला उभारलेलो. अंगात जर्सी, पिशवीत स्वागताच्या साड्या, कारण मॅच झाली की तीनच्या आत परत येऊन ताट पण धरायचं होतं. आमची बंडखोरी असली! पळून चाललोय, पण परतीच्या साडीला इस्त्री करून. नऊ वाजता आम्ही सगळ्यांनी मोबाईल बंद केले. आप्पांचा बंद करता येत न्हवता, ड्यूटीवर होते. तो डॅशबोर्डवर वाजत राहिला, ‘प्रिन्सिपॉल सर’, ‘प्रिन्सिपॉल सर’. आप्पा दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून. म्हणाले, ‘गाडी चालवताना फोन घ्यायचा न्हाय, असं त्यांनीच बोर्ड लावलाय.’

ग्राउंडवर टीम मॅनेजरची सही लागते. आमचे मॅनेजर, म्हणजे पी.डी. सर, निपाणीत साहेबांसाठी खुर्च्या मोजत होते. टेबलावरच्या माणसानं विचारलं, ‘तुम्ही कोण?’ खाकी शर्टातले आप्पा म्हणाले, ‘गाडी बी मीच आणलीया, टीम बी मीच आणलीया. कुठं करू सही?’ आणि केली. मग आम्हाला म्हणाले, ‘खेळा. मी काकतीला जाऊन पाहुण्यांना घिऊन येतो.’ आमचा हिशेब साधा होता, दहाची मॅच, साडेअकराला संपणार. पण दहाची मॅच आपल्याकडं दहाला सुरू होती काय? उद्घाटनाचे पाहुणे सव्वाअकराला आले. नारळ फुटेना. फुटला तर भाषण संपेना. साडेअकराला बॉल वर उडाला आणि मी घड्याळ बघून मनात म्हटलं, गेली आप्पांची नोकरी.

हाफ टाइमला आम्ही पाच पॉइंटनं मागं. भारतीचे चार फाउल, पाचवा झाला की बाहेर. सुप्रिया पाणी पिता पिता बाण काढत होती, नुसत्या बोटानं, जमिनीवर. आणि तवा गेटातनं आमची पिवळी बस आत आली. बघतो तर काय, आतनं माणसं उतरालीत! साहेबांची अख्खी सासुरवाडी. फेटेवाले चार, धोतरवाले सहा, बायका भरजरी लुगड्यांत, पोरंसोरं, आणि सगळ्यांत पुढं साहेबांच्या सासूबाई, हातात काठी, नाकात नथ. आप्पांनी त्यांना काय सांगितलेलं, माहितीय? ‘जावईबापूंच्या कॉलेजची फायनल हाय. तुम्ही बघूनच यावं, अशी साहेबांची इच्छा हाय.’ आमचे आप्पा! जे घरात दिवसाला दहा शब्द बोलतात!

सासूबाईंनी पहिल्या रांगेतल्या दोन पुढाऱ्यांना काठीनं बाजूला सरकायला लावलं आणि बसल्या. ‘आपल्या पोरी कुठल्या?’ निळ्या. ‘त्या रिंगणात घालायचं व्हय?’ व्हय. मग काय विचारता! ‘अगं ए निळे, घाल की! बघत काय उभारलीस? तिला आडीव, त्या ताडमाड पोरीला आडीव!’ चाळीस माणसं एका सुरात. सगळा सीझन आमच्यासाठी एकानं टाळी वाजवली न्हवती आणि आता ही जत्रा. भारती शेवटच्या काही मिनिटांत पाचव्या फाउलवर बाहेर गेली, बाकावर बसून ‘बिडबेडा’ ओरडाय लागली तर सासूबाई पण ‘बिडबेडा!’ काकतीकरांना कन्नड काय शिकवायचं? शेवटचं सांगतो आणि पुढं जातो, सिनेमासारखं लांबवत न्हाय. सुप्रियानं त्यांच्या हातातनं बॉल काढला, बघितलं पण न्हाय, मला फेकला, कारण मी तिथंच असणार हे वहीत लिहिलेलं होतं. मी होतो. घातला. तीन पॉइंटनं मारली फायनल. कप घेताना मी आप्पांकडं बघितलं तर ते टाळ्या न्हवते वाजवत. बसचं दार उघडून उभारलेले. ‘चला, पावणेदोन झाल्यात.’

वंटमुरीच्या घाटात, पळत्या बसमध्ये, साहेबांच्या सासुरवाडीच्या बायकांनी आम्हाला घामेजल्या जर्सीवरनंच साड्या नेसवल्या. एक निऱ्या धरतीया, एक पिन तोंडात घेऊन शिव्या देतीया, गाडी वळली की सगळ्या एकमेकींच्या अंगावर. सासूबाईंच्या मांडीवर कप. तसली मजा मला परत कधी आली न्हाय. बस वाजत होती, आम्ही हसत होतो, आणि मध्येच आरशात आप्पांचे डोळे दिसले. ते हसत न्हवते.

तीन वाजून वीस मिनिटांनी गेटात. साहेब पायरीवर, बाजूला प्रिन्सिपॉल, लालबुंद, आणि त्यांच्या मागं आमचे मार्गदर्शक. प्रिन्सिपॉल सरळ आप्पांच्या दाराकडं निघाले. ‘मारुती, उद्यापासनं तू...’ तेवढ्यात सासूबाई कप घेऊन खाली उतरल्या आणि ओरडल्या, ‘जावईबापू! लई भारी खेळ दाखवलासा! अशी हौस केली न्हवती कुणी आमची!’

साहेबांचं तोंड बघायला पायजे होतं. एक क्षण, कोरी पाटी. कसला खेळ, कुठला कप, ह्या पोरी कोण. पण मुरलेला माणूस! सासुरवाडीसमोर ‘मला माहीत न्हाय’ म्हणणार? छाती पुढं काढून म्हणाले, ‘आई, म्हणून तर खास गाडी पाठवली. पोरींना पण, तुम्हाला पण. मीच सांगितलेलं मारुतीला.’ आणि प्रिन्सिपॉलकडं वळून, ‘काय सर?’ प्रिन्सिपॉल म्हणाले, ‘हो तर, साहेबांचंच नियोजन.’ पी.डी. सर म्हणाले, ‘मी आठवडाभर तयारी करून घेतलेली.’ तीन वाक्यं, तीन खोटी, आणि आप्पांची नोकरी वाचली! मला हसू का रडू कळेना. कारण त्याच क्षणी आमची तोंडं कायमची शिवली गेली. खरं बोललो की साहेब खोटे पडणार, आणि साहेब खोटे पडले की आप्पा घरी बसणार.

मग सत्कार. शाल साहेबांना, शाल प्रिन्सिपॉलना, शाल सरांना. शालींची ताटं कुणाच्या हातात? आमच्या. साहेबांनी माईक सुप्रियाकडं केला, ‘कॅप्टन, दोन शब्द.’ सुप्रिया माईककडं बघत राहिली, मग मान हलवली. न्हाय म्हणाली. सगळ्यांसमोर. माईक माझ्याकडं आला. आप्पा मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभारलेले. आणि मी, जिला सगळे तोंडाळ म्हणतात, मी गोड आवाजात म्हणालो, ‘हे यश फक्त साहेबांच्या आशीर्वादामुळं आणि सरांच्या मार्गदर्शनामुळं.’ टाळ्या! सर, त्या स्मरणिकेसाठी माझे हे शब्द तुम्हाला आधीच मिळाल्यात, तेवढेच छापा. कार्यक्रम झाल्यावर मी सुप्रियाला म्हटलं, ‘आप्पांसाठी बोललो गं.’ ती पिन काढत म्हणाली, ‘माहितीय मला. तुझ्या जागी असतो तर मी पण बोललो असतो. पण वैजे, बोलताना तू जरा जास्तच गोड बोललीस.’ हे मी अजून गिळतोय.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. कप साहेबांच्या हातात, बाजूला प्रिन्सिपॉल, सर, आणि नथीसकट सासूबाई. खाली ओळ, ‘साहेबांच्या नियोजनाला यश’. आम्ही सातजणी कडंला होतो, तेवढा भाग पेपरवाल्यांनी कापलेला. फक्त डाव्या कोपऱ्यात एक कोपर राहिलेलं, बांगडीवालं, ते माझं. आप्पांनी तो पेपर निपाणीच्या स्टँडवर विकत घेतला, फोटो कापला, फ्रेम करून भिंतीवर लावला. त्या दिवसापासनं पाहुणा आला की आत्या, आमची आत्या बरं का, खुर्चीवर चढून बोट लावून दाखवती, ‘हे आमच्या वैजीचं.’ पाहुणे जवळ जाऊन बघतात. ‘कुठं?’ ‘हे काय, कोपर.’

तुमच्या घरात हाय काय असला एखादा फोटो? तुम्ही जिंकलेल्या दिवसाचा, ज्यात तुमचं नुसतं कोपर आलंय? सांगा की, मी वाट बघतोय.